खंड्या किती मिलिमीटरचा?

डिसेंबरातल्या रविवारी भल्या पहाटे होसकोट्यात दोन तऱ्हेची माणसं जागी असतात. एक दम बिर्याणीच्या रांगेत उभी असलेली आणि दुसरी पाठीवर जड काळ्या पिशव्या घेऊन तलावाकडे निघालेली. पुष्कळदा ही दोन्ही माणसं एकच असतात. आधी बिर्याणी की आधी पक्षी, एवढाच मतभेद.

बंगळूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, जुन्या मद्रास रस्त्यावर हे गाव आहे. मराठी माणसाला ते अगदीच परकं नाही. 1638 नंतर शहाजीराजांकडे आलेल्या बंगळूरच्या जहागिरीत कोलारसोबत होसकोटेही होतं. आज बंगळूरच्या आयटी कंपन्यांतली पुण्या-नाशिकची मंडळी तिथे जातात ती तलावासाठी. बांधावर गाडी उभी करायची, काच खाली घ्यायची आणि वाट पाहायची. झोळीवाले पेलिकन, चित्रबलाक, जांभळे आणि राखी बगळे, पाण्याला घासून जाणाऱ्या माळभिंगऱ्या, आणि सगळ्यांचा लाडका कवड्या खंड्या. हा काळा-पांढरा पक्षी पाण्यावर एका जागी भिरभिरत थांबतो, मान खाली, चोच थेट माशावर, आणि मग दगडासारखा कोसळतो. कॅमेरावाल्याला मिळतात ते त्या थांबण्याचे चार-पाच सेकंद.

नवशिक्याची पंचाईत इथेच होते. हातात निकॉनची डी5600 किंवा कॅननची 1500डी असते, सोबत खोक्यातून आलेली 18-55 आणि दुसरी 70-300 किंवा 55-250. खटाखट तीस फोटो निघतात. घरी जाऊन मोठे करून पाहिले की खंड्याच्या जागी ठिपका. लगेच निष्कर्ष निघतो, “लेन्स बदलायला हवी, रीच मिळत नाही.” दुकानदारही तेच सांगतो. पण रीच म्हणजे नेमकं किती, हा हिशेब खिशात हात घालण्याआधी कागदावर करता येतो, आणि तो सातवीच्या गणिताचा आहे.

सेन्सरवर पडणारी प्रतिमा म्हणजे पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सचे मिलिमीटर, भागिले अंतर. कवड्या साधारण 30 सेंटिमीटरचा. तो 40 मीटरवर असेल आणि लेन्स 200 वर असेल, तर सेन्सरवर त्याची लांबी भरते दीड मिलिमीटर. निकॉनच्या छोट्या सेन्सरची रुंदी 23.5 मिलिमीटर आणि त्यात आडवे 6,000 पिक्सेल. म्हणजे आपल्या खंड्याच्या वाट्याला आले जेमतेम 380. लेन्स 500 ची केली तर पावणेचार मिलिमीटर, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास पिक्सेल. फोनच्या पडद्यावर दाखवायला पुरे, भिंतीवर टांगायला नाही. तोच खंड्या 40 ऐवजी 20 मीटरवर आला तर हे आकडे आपोआप दुप्पट होतात, आणि त्यासाठी दमडी मोजावी लागत नाही. बांधावरचे जुने लोक गाडी बंद करून अर्धा अर्धा तास एका जागी का बसतात, ते या भागाकारात आहे. खंड्याची बसायची काठी ठरलेली असते. काठी हेरली की अंतर आपल्या हातात येतं.

मग लांबात लांब लेन्सच घ्यावी का? इथे चित्रबलाक आडवा येतो. पंख पसरले की तो दीड मीटरचा होतो. 25 मीटरवरून डोक्यावरून गेला आणि लेन्स 500 वर असली तर प्रतिमा 30 मिलिमीटरची, आणि सेन्सर साडेतेवीसचा. पंख कापला गेला. 300 वर आणली तर 18 मिलिमीटर, चारी बाजूंनी मोकळी जागा. ठरावीक फोकल लेंग्थच्या प्राइम लेन्सवाल्याला इथे हात चोळत बसावं लागतं. झूमवाला मनगट फिरवतो. झूमची खरी किंमत लांबचं जवळ आणण्यात आहे असं सगळे समजतात, पण तलावावर ती पुष्कळदा मागे सरकण्यात असते.

ही सोय एसएलआर कॅमेऱ्याला मिळाली 1959 मध्ये. मूळचा व्हिएन्नाचा, पण अमेरिकेत स्थिरावलेला फ्रँक बॅक याने आखलेली झूमार ही 36 ते 82 मिलिमीटरची लेन्स जर्मनीच्या फॉइग्टलेंडरने बाजारात आणली. 35 मिलिमीटर फिल्मच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्याची ती पहिली झूम. योगायोग असा की निकॉनने आपला एफ माउंटही त्याच वर्षी आणला. त्या काळी झूम म्हणजे तडजोड असं धरलं जाई. साहजिकच होतं. एकाच फोकल लेंग्थसाठी काचा जुळवणं सोपं. फिरवताना प्रत्येक टप्प्यावर त्या जुळलेल्या राहाव्यात हे अवघड. आत काचांचे दोन-तीन गट एकमेकांच्या तालावर पुढेमागे सरकतात. ताल जरा चुकला की कडा पसरतात, रंग सुटतात, सरळ भिंत पोट काढून उभी राहते.

म्हणून झूमचा पल्ला किती पट आहे ते आधी पाहावं. 200-500 म्हणजे अडीच पट. 100-400 म्हणजे चार पट. 2017 मध्ये आलेली टॅम्रॉनची 18-400 म्हणजे 22 पटींहून अधिक. ही शेवटची लेन्स जेमतेम 700 ग्रॅमची आहे आणि प्रवासात एकच लेन्स न्यायची असेल तर तिच्यासारखी सोय नाही. पण कॅननची 100-400, दुसरी आवृत्ती, 1.6 किलोच्या घरात भरते. दोघींचं शेवटचं टोक 400 च. मधलं नऊशे ग्रॅम वजन कशाचं, याचं उत्तर काचांत, मोटारीत आणि धातूच्या नळीत आहे. लग्न, मुंज, हंपीची सहल आणि पोरांची स्नेहसंमेलनं एवढंच करायचं असेल तर 18-400 ला नाकं मुरडायचं कारण नाही. बांधावर मात्र ती 400 ला जरा मऊ पडते, आणि तिथे तर सगळे फोटो 400 लाच निघतात.

झूम घेताना हेच नेमकं पाहायचं असतं. तिच्या सर्वांत लांब टोकाला, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून, ती कशी वागते? मधल्या टप्प्यावर आणि एफ 8 ला बहुतेक सगळ्या लेन्स शहाण्यासारख्या वागतात. पक्षी टिपणारा माणूस त्या शहाण्या टप्प्यात क्वचितच असतो.

अपर्चरचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थला उघड्या भोकाच्या व्यासाने भागून आलेलं उत्तर. 500 ला 5.6 ने भागलं की 89 मिलिमीटर येतात. निकॉनच्या 200-500 ला पुढे 95 मिलिमीटरचा फिल्टर का लागतो, हे यावरून उमगतं. हीच लेन्स एफ 2.8 ची करायची म्हटली तर भोक 178 मिलिमीटरचं हवं, म्हणजे जवळजवळ ताटलीएवढी काच. म्हणून उजेड, लांबी आणि वजन यांतलं काहीतरी सोडावंच लागतं. 70-200 एफ 2.8 ही लेन्स लांबी सोडते. लग्नाच्या हॉलमध्ये, नाटकाच्या रंगमंचावर, कबड्डीच्या मैदानावर तिच्यासारखी दुसरी नाही, 5.6 च्या तुलनेत चौपट उजेड आत येतो, म्हणजे जिथे आयएसओ 6400 लागला असता तिथे 1600 वर भागतं. तलावावर तीच लेन्स हात आखडल्यासारखी वाटते.

तिच्यामागे दुपटीचा टेलिकन्व्हर्टर लावला की 400 एफ 5.6 होते, आणि काम चालतं. पण 5.6 च्या लेन्सला तोच लावला तर एफ 11 होते, दीडपटीच्या आसपासचा 1.4 लावला तर एफ 8. इथे डीएसएलआरची एक खास अडचण समोर येते. या कॅमेऱ्यात ऑटोफोकसचा सेन्सर आरशाच्या खाली, वेगळा असतो, आणि तो लेन्सच्या दोन विरुद्ध कडांकडून येणारा उजेड ताडून पाहतो. भोक बारीक झालं की त्या कडा त्याला दिसतच नाहीत. साध्या बॉडींची मर्यादा एफ 5.6 आहे. काही वरच्या बॉडी एफ 8 पर्यंत तग धरतात, तेही सगळ्या बिंदूंवर नाही. 5.6 च्या झूमला कन्व्हर्टर लावून “रीच” वाढवणारा माणूस म्हणून बांधावर बसून लेन्सची घरघर ऐकतो. ती पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते, आणि खंड्या मासा गिळून निघून जातो.

2013 च्या अखेरीस टॅम्रॉनने 150-600 जाहीर केली आणि पक्षी टिपणं एकाएकी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. तोवर 600 मिलिमीटर म्हणजे बहुधा काही किलोची आणि मोटारीच्या किमतीची प्राइम. पुढच्याच वर्षी सिग्माने एकाच मापाच्या दोन लेन्स आणल्या: कंटेम्पररी 1.93 किलोची आणि स्पोर्ट्स 2.86 किलोची. 2015 मध्ये निकॉनने 200-500 आणली, तिपाईच्या कॉलरसकट 2.3 किलो. टॅम्रॉनची सुधारित जी2 2016 ची. या पाचही लेन्सची परस्परतुलना करणारे लोक टोकाला 6.3 की 5.6 यावर भांडतात. तो फरक एक तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). पहाटेच्या धुक्यात तो कुणाच्या लक्षातही येत नाही. 600 आणि 500 मधला फरकही पाचाला सहा एवढाच. वजनातला फरक मात्र खांद्याला कळतो. स्पोर्ट्स घेऊन उडणाऱ्या घारीमागे वळणारा माणूस दहाव्या मिनिटाला लेन्स मांडीवर ठेवतो, आणि नेमकी तेव्हाच घार मासा घेऊन वर येते.

निकॉनची बॉडी असेल आणि हौस फक्त पक्ष्यांची असेल तर 200-500 हा सरळ कौल. कौल देतानाच दोष सांगायला हवा: तिचा फोकस संथ आहे, आणि झूमची कडी 200 वरून 500 वर न्यायला मनगट दोनदा वळवावं लागतं. कॅननवाल्याने 600 च्या मोहात पडण्याआधी 100-400 दुसरी एकदा हातात घ्यावी. ती कमी लांबीची असली तरी फोकस झटकन धरते आणि 98 सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस करते. बांधावर पक्षी रुसले असतील त्या दिवशी पायाशी बसलेला चतुर हिने टिपता येतो. बाकीच्यांना त्यासाठी दोन मीटरांहून अधिक लांब राहावं लागतं.

कॅननच्या या 100-400 च्या पांढुरक्या रंगामागेही कारण आहे. पांढऱ्या उजेडातल्या प्रत्येक रंगाला काच थोडी वेगळी वाकवते, त्यामुळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होतात आणि कडांना जांभळी-हिरवी झालर येते. फ्लोराइट हा स्फटिक ही फाटाफूट फार कमी करतो. कॅननने तो कृत्रिमरीत्या वाढवून 1969 मध्ये 300 मिलिमीटरच्या एका लेन्समध्ये वापरला. मात्र उष्णतेने तो काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो. लेन्स उन्हात कमी तापावी म्हणून नळी पांढरी. 100-400 मध्येही फ्लोराइटचं एक भिंग आहे. निकॉनची ईडी, टॅम्रॉन-सिग्माची एलडी आणि एफएलडी ही अक्षरं याच रोगावरच्या वेगवेगळ्या काचांची नावं आहेत. अक्षरं वाचून काही कळत नाही. परीक्षा बगळ्यावर घ्यावी. काळसर पाण्यापुढे उन्हात उभा असलेला पांढरा बगळा घ्या आणि फोटो शंभर टक्क्यांवर उघडून त्याच्या मानेची कड पाहा. जांभळी रेघ दिसली तर काच कुठली ते कळलं.

स्टॅबिलायझरबद्दल गैरसमज फार. हलती प्रतिमा स्थिर करणारी एसएलआरची पहिली लेन्स कॅननने 1995 मध्ये आणली, तीही 75-300 ची झूमच होती. आज 200-500 साडेचार स्टॉपची हमी देते. म्हणजे जिथे हात स्थिर राहायला एक पाचशांश सेकंदाचा शटर लागला असता तिथे कागदोपत्री एक बावीसांशवर भागतं. पण स्टॅबिलायझर आपला हात थांबवतो, खंड्याचे पंख नाही. भिरभिरणाऱ्या कवड्याला एक दोन-हजारांश सेकंद हवा, आणि त्या वेगाला स्टॅबिलायझर चालू असो वा बंद, फारसा फरक पडत नाही. तो उपयोगी पडतो तो झाडावर मुटकुळं करून बसलेल्या घुबडासाठी.

भिगवणला मात्र गणित फिरतं. उजनीच्या फुगवट्यावर होडीतून नावाडी रोहित पक्ष्यांच्या इतक्या जवळ नेतो की 200 ते 300 मिलिमीटरही पुरतात, आणि थवा उडाला की 500 वाल्याच्या हाती लागतात नुसते गुलाबी पाय. होडीत तिपाईचा काही उपयोग नाही, ती होडीबरोबरच डुलते. पाण्याच्या पातळीवर बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून, दीड किलोची 100-400 किंवा अगदी साधी 70-300 तिथे दोन किलोच्या लेन्सला भारी पडते. नांदूर मधमेश्वरला पुन्हा होसकोट्यासारखं, काठावरून लांबचं पाहायचं. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर पाणथळ, 2020 मध्ये जाहीर झालेली. ताडोब्यात जिप्सी असते आणि लेन्स टेकवण्यासाठी तिच्या कठड्यावर टाकायला तांदळाची किंवा थर्माकोलच्या गोळ्यांची पिशवी. एकच माणूस या चारही ठिकाणी जात असेल तर त्याने 100-400 घ्यावी आणि 600 चं दुःख विसरावं.

आता एक गोष्ट, जिचा दोष हकनाक लेन्सवर येतो. होसकोट्याला सकाळी नऊनंतर काढलेले लांबचे फोटो पाहा. खंड्याच्या अंगावर पिसंच दिसत नाहीत, जणू पाण्यातून पाहतोय. बांध तापतो, पाणी गार असतं, आणि मधली हवा थराथराने हलते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर जी लवलव दिसते तीच ही. लेन्स जितकी लांब तितकी ती लवलव मोठी होऊन दिसते. दहा हजारांची लेन्स आणि दहा लाखांची लेन्स इथे एका पातळीवर येतात. उपाय दोनच: लवकर जाणं आणि जवळच्या पक्ष्यावर समाधान मानणं. गाडीच्या खिडकीतून टिपणाऱ्यांनी एसी बंद करून काच आधीच खाली घ्यावी. आतली गार आणि बाहेरची कोमट हवा लेन्सच्या तोंडाशीच मिसळली तर तसाच पडदा पडतो. शेकडो रुपयांचा स्वस्त यूव्ही फिल्टर लांब लेन्सवर लावणं म्हणजे उंची चष्म्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवणं. संरक्षणाला हूड पुरतं.

फोटो मऊ येण्याचं आणखी एक कारण डीएसएलआरच्या पोटात असतं. फोकस सेन्सर वेगळा, चित्राचा सेन्सर वेगळा. दोघांचं अंतर केसभर चुकलं तरी फोकस पक्ष्याच्या डोळ्याऐवजी शेपटीवर पडतो. तपासायची रीत सोपी आहे. कॅमेरा तिपाईवर, समोर एखादी दुकानाची पाटी. होसकोट्यात त्या कन्नडमध्ये असतात, आणि कन्नडची गोलमटोल अक्षरं यासाठी फार चांगली, कारण वळणांवर धूसरपणा लगेच उघडा पडतो. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, दुसरा लाइव्ह व्ह्यूमध्ये. लाइव्ह व्ह्यूचा नेहमीच जास्त रेखीव आला तर लेन्स चांगली आहे, जुळणी चुकलेली आहे. डी7200, डी500 किंवा कॅननच्या 7डी मार्क 2 सारख्या बॉडीत ती मेनूतून सुधारता येते. डी5600 सारख्यांत ती सोयच नाही. सिग्मा आणि टॅम्रॉनच्या नव्या लेन्सना मात्र यूएसबी डॉक मिळतो, आणि त्याने झूमच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी जुळणी करता येते. त्याच पाटीच्या फोटोचे चारही कोपरे पाहावेत. तीन कोपरे स्वच्छ आणि एकच पुसट असेल तर आत एखादी काच तिरपी बसलेली आहे, आणि ती लेन्स परत करावी. एकाच नावाच्या दोन लेन्स सारख्या निघतील याची खात्री देता येत नाही. म्हणून बंगळूरसारख्या शहरात एखादा शनिवार-रविवार भाड्याने आणून पाहणं शहाणपणाचं, आणि नंतर विकत घेताना आपल्या नगाची परीक्षा वेगळी.

सध्या जुना बाजार तेजीत आहे. निकॉनची डी6 आणि कॅननची 1डीएक्स मार्क 3 या दोन्ही कंपन्यांच्या शेवटच्या अव्वल डीएसएलआर, दोन्ही 2020 च्या. मंडळी मिररलेसकडे निघाली आहेत आणि उत्तम झूम स्वस्तात सोडत आहेत. घेणाऱ्याला भीती नको, कारण कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरने नव्या आर बॉडीवर चालतात आणि निकॉनच्या मोटार असलेल्या लेन्स एफटीझेडने झेड बॉडीवर. जुन्या एएफ-डी लेन्स घेतल्या तर मात्र त्यांचा फोकस तिथे हाताने करावा लागतो.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत टाकावा आणि पुढून तिरकं पाहावं. धुळीचे दोन-चार कण असले तरी बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, आणि मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये ती हटकून शोधावी. लेन्स खाली तोंड करून धरावी. झूमची नळी आपोआप सरकत बाहेर आली तर आतली पकड सैल झाली आहे, भावात ती धरावी. आणि घासाघीस सुरू करण्याआधी आपल्या बॉडीचं नाव एकदा वाचावं. 200-500 मध्ये अपर्चर विजेवर चालतं. काकांकडून आलेल्या डी90 वर ती बसते, फोकसही करते, पण अपर्चर मिटत नाही. ती कायम 5.6 वरच राहते. विकणारा हे सांगेलच असं नाही.